शून्य तक्रारी

माझी नोकरी पक्की झाली.

नाही, तसं काही झालेलं नाही. ते वाक्य विसरा.

बाकी सगळं खरं आहे. मागच्या ऑगस्टमधला मंगळवार, भर दुपार. जालन्यात स्टेशनजवळ आमच्या बियाणे कंपनीचं ऑफिस. भुतं रात्रीच येतात असं मलाही वाटायचं. पण आमचं ऑफिस सहालाच बंद होतं.

आमची वेबसाइट शेतकऱ्यांच्या तक्रारी घेते. तिचं फ्रेमवर्क, म्हणजे आतला सांगाडा, नवीन केलं आणि जुन्या चाचण्या चालेनात. त्या परत उभ्या करायचं काम माझ्याकडे आलं. चाचणी म्हणजे काय, तर खोटी तक्रार भरायची, निकाली काढायची, पुसून टाकायची. शुक्रवारपर्यंत सगळ्या पास झाल्या तर मी कायम. नाहीतर घरी.

पहिलीच चाचणी सोपी होती. सगळं पुसल्यावर यादीत शून्य तक्रारी पाहिजेत.

एक होती...

गिरिजाबाई, कुंभार पिंपळगाव. 'सोयाबीन उगवलं न्हाई.'

मला संशय शेजारच्या टेबलावरच्या मच्छिंद्रभाऊंचा. अकरा वर्षं इथंच, चेष्टेखोर माणूस. मी इंटरनेटची वायर काढली. सगळं पुसलं. परत चालवलं.

एक...

'का पुसून राह्यला रे लेकरा?'

"भाऊ, चेष्टा बस झाली."

"दोन बोटांनी टाइप करतो मी. एवढ्या जल्दी कसं लिहीन?"

मग त्यांनी स्क्रीन पाहिली. चहा खाली ठेवला.

"ही बाई दर गुरुवारी यायची. पिशवीचं लेबल घेऊन. तिची खरी तक्रार कुणी लिहून घेतली न्हाई. पण जुन्या चाचण्यांत नमुना म्हणून तिचंच नाव टाकलं आम्ही. दिवसातून चारशे वेळा निकाली काढायचो."

"मंग आता लिहून घेऊ. फोन लावा तिला."

"तिच्या दहाव्याला जाऊन आल्तो मी."

आमच्या वरिष्ठ तृप्ती मॅडम शांतपणे म्हणाल्या, "कल्याण, चाचणी पास कर. बाईचं नंतर बघू."

पुसल्यावर किती तक्रारी उराव्यात, तिथलं शून्य मी चाचणीतून खोडलं. तिथं एक लिहिलं.

सगळ्या चाचण्या हिरव्या, म्हणजे पास.

शुक्रवारी मला एक पत्र मिळालं. कसलं, ते विचारू नका.

आता मी काही पुसत नाही. तरी रोज सकाळी तक्रारीत एक ओळ वाढलेली असते... 'साहेब कधी येणार?'

काल त्याखाली आणखी एक होती.

'तक्रार घेणार: कल्याण.'

म्हणून आज व्यवस्थापकांकडे रीतसर अर्ज दिला आहे. श्रीमती गिरिजाबाई यांच्या शेतातील उगवणीची पाहणी करण्यासाठी तातडीने अधिकारी नेमावा, ही नम्र विनंती. पाहणीच्या वेळी तक्रारदार स्वतः बांधावर हजर राहतील, असे त्यांनी लेखी कळवले आहे.