उगवतीच्या बांधावरची राख

लवळ्याच्या उतारावर कैलासचं दीड एकर औद्योगिक भांगेचं, म्हणजे धाग्यासाठी लावलेल्या बिननशेच्या भांगेचं, वाळलेलं पीक भर दुपारी जळालं. राखणीला बसलेला त्याचा मामा भिवाजी त्यात गेला. परवाना रीतसर, विमाही रीतसर; त्यामुळे पोलिसांनी डोक्याला फार ताण दिला नाही. विम्यासाठी स्वतःच पेटवलं म्हणून कैलास कोठडीत गेला.

विमा कंपनीने खासगी तपासनीस रजनी पानसेला पाठवलं. सोबत मदतनीस निषाद. त्याचंही मत पोलिसांचंच होतं. सोपं उत्तर त्याला नेहमीच गोड लागायचं.

शेतात वारा पश्चिमेचा होता, या दिवसांत रोज दुपारी असतो तसा. पूर्वेच्या काठाला राखेवर ढेकळं पसरलेली. भिवाजीची खोप पश्चिमेला, पण प्रेत सापडलं ते पूर्वेकडे, अंगाखाली ओलं पोतं.

"रस्ता खोपीमागेच होता की," निषाद म्हणाला. "मग हा आत का शिरला?"

रजनीने काठावरचं एक ढेकूळ उचलून पाहिलं.

बियाणं कंपनीचा किशोर यवतमाळचा. घाबरला होता. "आदल्या दिवशी मी पाला तपासला, मॅडम. नशेचं प्रमाण जास्त निघालं. सरकारी तपासणीत पीक नष्ट करतात, त्याला विमा नाही, वरून गुन्हा. कैलास फोन उचलेना, म्हणून त्याच्या आईला सांगितलं."

"शेजारच्या राबाची आग पसरली असेल?" रजनीने विचारलं.

"राब म्हणजे काय जी?"

"भाताची रोपं टाकायच्या आधी शेणपाला पसरून जमीन भाजतात, तो," रजनी म्हणाली.

कोठडीत कैलास भिंतीला टेकून बसला होता. "पाल्याच्या तपासणीचं मला काय बी ठाव न्हाई. मी हिंजवडीला गाडीवर हुतो."

"घरचा राब कोण भाजतं?"

"आई. मला काडी लावू देत न्हाई. म्हणती, तुला जमायचं न्हाई."

त्याची आई तुळजाबाई ओट्यावर बसली होती. "मी नांद्याला भनीकडं हुते. आग सावकाश चढत हुती, भिवादादा खुशाल निघून गेला असता. कसा गेला, बाई?"

रजनी तिच्याशेजारी बसली.

"नांद्याहून आग सावकाश चढताना कशी दिसली, तुळजाबाई?"

म्हातारी ओट्यावरून उठू लागली.

"घाईने पेटवणारा वाऱ्याच्या बाजूने काडी लावतो. ही आग उगवतीच्या बांधावरून, वाऱ्याच्या विरुद्ध लावली. शेजारच्या रानात जाऊ नये म्हणून काठाला माती टाकली. राब असाच भाजतात. किशोरला राब ठाऊक नाही, कैलासने कधी भाजला नाही. आणि पीक नापास होणार, हे किशोरने फक्त तुम्हाला सांगितलं होतं."

निषादला आपल्या सोप्या उत्तराची लाज वाटली.

"पोरावर गांजाचा गुन्हा लागला असता," तुळजाबाई म्हणाली. "दादा जेवून खोपीत निजला हुता. धुरानं उठंल, रस्त्याला लागंल. म्हणून तर हळू लावली. मग त्यो मेला कसा?"

रजनीला हे सांगणं जड गेलं. "खोपीतल्या पाण्याच्या हंड्यावरचं ओलं पोतं घेऊन ते आगीवर गेले. बहिणीच्या पोराचं पीक वाचवायला."

"मी त्याला सांगितलंच न्हाई," तुळजाबाई पुटपुटली. मग तिने विचारलं, "कैलासला आज सोडतील?"

"तुम्ही सांगितलंत, तर सोडावंच लागेल."

तुळजाबाईने दाराला कुलूप लावलं. किल्ली कैलासला सापडेल अशी कोनाड्यात ठेवली, आणि कुणी बोलवायच्या आधी रजनीच्या गाडीत जाऊन बसली.