तेरा तारखेचं पाकीट

"हात अजून वर. पाय मागे. अरे, उडी मारल्यासारखा दिस, झाडावरून पडल्यासारखा नको," लंबूने फर्मावलं.

टिंगू स्टुलावर एका पायावर डुगडुगत होता. समोरच्या भिंतीवर सकाळीच टांगलेला एक फोटो होता, दारापेक्षाही उंच. फोटोत एक नर्तकी हवेत होती. हात पसरलेले, केस उडून तोंडावर आलेले, आणि खाली फळ्यांवर तिची सावली. टिंगूने अगदी तस्सं करायचा चंग बांधला आणि स्टुलासकट आडवा झाला.

"सावली मात्र छान जमली," लंबू म्हणाली.

खिडकीपाशी बसलेल्या मौनीला हसू फुटलं. पण कुणी बघायच्या आत तिने पुस्तकात तोंड खुपसलं.

मौनी हे काही तिचं खरं नाव नव्हे. ते लंबू-टिंगू या बहीणभावांनी ठेवलेलं. ती बारा वर्षांची होती आणि तिची आई नोकरीच्या प्रशिक्षणासाठी सहा आठवडे परगावी गेली होती. म्हणून सुट्टीभर मौनी मावशीकडे. मावशी नृत्याच्या जुन्या फोटोंच्या संग्रहालयात कामाला होती. पोरीला घरी एकटी कशी ठेवायची, म्हणून ती तिला रोज बरोबर आणायची आणि वाचनकक्षात बसवायची. तिथे चार लांब टेबलं होती, भिंतभर पत्र्याची कपाटं होती आणि बोलायला कुणी नव्हतं. आईचा फोन रविवारी यायचा. "बरी आहेस ना?" "हो." "जेवतेस ना?" "हो." तेवढ्यात आईला कुणीतरी हाक मारायचं. त्या 'हो'च्या मागे किती काय काय अडून बसलेलं असायचं, ते मौनीलाच ठाऊक. संग्रहालयाच्या माळीकाकांची ही दोन कार्टी, तेरा वर्षांची लंबू आणि दहा वर्षांचा टिंगू, तिला खेळायला बोलवायची. पण तिच्या तोंडून शब्द फुटायच्या आत ती दोघं पळालेलीही असायची.

वाचनकक्षात आणखी एकच माणूस रोज यायचं. पांढऱ्या केसांच्या, बारीक अंगाच्या एक आजी. मौनीच्या समोरच्या खुर्चीत बसून त्या फोटोंचे जाडजूड संच एकेक पान उलटत बघायच्या. दोघी तासन् तास समोरासमोर बसायच्या आणि एक अक्षर बोलायच्या नाहीत. तरी आजी आल्या की मौनीला बरं वाटायचं. का ते तिलाही सांगता आलं नसतं.

त्या दिवशी, म्हणजे बुधवारी, आजी आल्या त्या थेट मोठ्या फोटोपुढे जाऊन थांबल्या. कितीतरी वेळ थांबल्या. मग म्हणाल्या, "ही मी आहे."

टिंगू स्टूल उचलता उचलता तसाच राहिला.

नेमके तेव्हाच संग्रहपाल साहेब बाहेर आले. मुलं त्यांना आपसात 'छापील साहेब' म्हणायची. कारण कुठलीही गोष्ट छापलेली दिसली की ती त्यांच्या लेखी खरी. छापलेली नसली, तर पाऊससुद्धा पडला नाही.

"आजी, रोज आपला फोटो शोधत बसता, आणि आज हे काय?" साहेब वैतागले. "या बाई आहेत, मुख्य नर्तकी. देशोदेशी गाजलेल्या. कार्यक्रमपत्रिकेत छापलंय, चौदा तारखेच्या प्रयोगात मुख्य भूमिका बाईंची. तुमचं नाव कुठल्याही सूचीत नाही. शनिवारी प्रदर्शन उघडतंय, मला कामं आहेत."

"त्यांच्या कपड्यांना मी इस्त्री करायचे," आजी म्हणाल्या. "मागच्या रांगेत नाचायचेही."

"मग? इस्त्री करणाऱ्यांचे फोटो आम्ही ठेवत नाही."

आजींनी पिशवी उचलली आणि त्या गेल्या. काहीतरी बोलावं असं मौनीला फार वाटलं, पण तिची जीभ ऐन वेळी दगा द्यायची, तसा तिने तेव्हाही दिला.

गुरुवारी समोरची खुर्ची रिकामी होती. मौनी दर पाच मिनिटांनी दाराकडे बघत होती. दुपार झाली तरी आजी आल्या नाहीत. मग मौनी उठली, बागेत गेली आणि पाइपाने एकमेकांना भिजवणाऱ्या दोघांपुढे उभी राहिली.

"त्या आजी खरं बोलत असतील तर?" ती म्हणाली.

टिंगूच्या हातातला पाइप खाली पडला. "लंबे, ही बोलते गं!"

"बोलते आणि बरोबर बोलते," लंबू म्हणाली. "चल, शोधू या."

मावशी तिच्या खोलीत हातमोजे घालून जुन्या निगेटिव्ह नव्या पाकिटांत भरत होती. तिने तिघांकडे पाहिलं, साहेबांच्या बंद दाराकडे पाहिलं आणि म्हणाली, "हातमोजे घालायचे. कडेनेच धरायचं. आणि टिंगू, तू हात खिशात ठेवायचेस."

मोठ्या फोटोची निगेटिव्ह एका पिवळ्या पडलेल्या पाकिटात होती. पाकिटावर फोटोवाल्याच्या बारीक अक्षरात तारीख होती: तेरा. त्यावर लाल शाईने काट मारून कुणीतरी चौदा केलं होतं.

"हे कुणी केलं?" लंबूने विचारलं.

"साहेबांनी. प्रयोग चौदाला होता ना, मग फोटोवाला चुकला असणार म्हणाले."

"स्वतः फोटो काढणारा चुकला, आणि इतक्या वर्षांनी साहेब बरोबर?" लंबू म्हणाली. मावशीचे हात थांबले.

मौनीने निगेटिव्ह उजेडाच्या पेटीवर ठेवली आणि भिंग डोळ्याला लावलं. काळ्याचं पांढरं, पांढऱ्याचं काळं झालेलं ते जग डोळ्यांना सरावायला जरा वेळ लागला. उडी तीच होती. पण भिंतीवरचा फोटो छापताना उजवीकडचा भाग कापलेला होता. निगेटिव्हमध्ये तो होता. तिथे खुर्च्या होत्या, एकामागे एक, रांगाच्या रांगा.

"सगळ्या रिकाम्या आहेत," मौनी हळूच म्हणाली. "एक माणूस शिडीवर चढून दिवा बसवतोय. बाकी कुणी नाही."

"गाजलेल्या बाईंच्या प्रयोगाला एकही माणूस नाही?" टिंगू म्हणाला. "मग गाजल्या कशा?"

मावशी खुर्चीत बसली. "अगं बाई. जुने फोटोवाले प्रयोगाच्या वेळी फोटो काढायचेच नाहीत. कॅमेऱ्याचा आवाज व्हायचा, लोक ओरडायचे. ते आदल्या दिवशी यायचे, रंगीत तालमीला. कपडे, दिवे सगळं प्रयोगासारखंच असतं, आणि पार रंगमंचावर चढून फोटो काढता येतात. मला हे ठाऊक आहे, आणि तरी माझ्या डोक्यात आलं नाही."

म्हणजे तेरा तारीखच खरी. पण साहेब काय म्हणणार तेही उघड होतं. तालीम तर तालीम, नाचल्या बाईच! चेहऱ्यावर तर केस आलेले. मौनीने निगेटिव्हची पट्टी पुढे सरकवली. पुढच्याच चौकटीत तीच नर्तकी पाठमोरी होती. पाठीचा फोटो कोण छापणार? म्हणून तो कधी कुणी पाहिलाच नव्हता. मौनी भिंगावर इतकी वाकली की तिचं नाक पेटीला टेकलं.

"कपडा ढगळ आहे," ती म्हणाली. "पाठीवर चुण्या घालून पिना लावल्यात. काळे ठिपके दिसताहेत, ओळीने."

"बाईंच्या मापाचा कपडा बाईंना ढगळ कशाला होईल?" लंबू ताडकन उठली. "चला, आजींना सांगू, पिना सापडल्या म्हणून."

"नको," मौनी म्हणाली. दोघं तिच्याकडे बघायला लागली. "आपण सांगितलं तर साहेब म्हणतील, पोरांनी पढवलं. आपण फक्त विचारायचं."

भेट देणाऱ्यांच्या वहीत आजींचा पत्ता रोजच्या रोज लिहिलेला होता. शुक्रवारी सकाळी तिघं निघाली. बसचे सहा थांबे, मग एक चढ, मग तीन वेळा चुकलेली गल्ली. चौथ्यांदा टिंगूने एका न्हाव्याला पत्ता विचारला, तेव्हा कळलं की ती तिघं मघापासून आजींच्याच जिन्याखाली उभी होती.

वरती एकच खोली होती. खाट, स्टोव्ह, इस्त्रीचं टेबल, आणि त्यावर लोकांच्या कपड्यांचे नीट गठ्ठे. भिंती कोऱ्या होत्या. एकही फोटो नव्हता. मौनीने इतकी शांत खोली कधी पाहिली नव्हती. आपली सुट्टी तर तीन आठवड्यांत संपेल, पण या रोजच अशा राहतात, असं तिच्या मनात आलं आणि तिला भडभडून आलं.

"मी नाही येणार आता तिथे," आजी म्हणाल्या. "साहेबांचं काय चुकलं? नाव नाही म्हणजे नाही."

"त्या दिवशी काय झालं होतं?" मौनीने विचारलं.

आजींनी इस्त्री बाजूला ठेवली. "बाई आदल्या दिवशी पोचल्याच नाहीत. गाडी वाटेत बंद पडली. दिवे बसवायला कुणीतरी उभं राहायला हवं होतं. माझं सगळं पाठ होतं. विंगेतून रोज बघायचे ना. मला म्हणाले, नुसती जागेवर उभी राहा. मी नाचले. सगळं, पहिल्यापासून शेवटपर्यंत. दुसऱ्या दिवशी बाई आल्या, मी इस्त्रीला गेले. तसं पुन्हा कधी नाचायला मिळालं नाही. बघायला कुणी नव्हतं गं. तो शिडीवरचा माणूस, फोटोवाला आणि सगळ्या रिकाम्या खुर्च्या. ते दोघंही आता नाहीत. आता मी नाचले होते हे मला एकटीलाच माहीत आहे. कधी कधी वाटतं, स्वप्नच पडलं होतं की काय."

 

"कपडा कसा होता?" मौनीने जपून विचारलं.

"बाईंच्या मापाचा. माझ्या अंगावर नुसता लोंबत होता. पाठीला पिना लावाव्या लागल्या."

"किती, ते बोलू नका. कागदावर लिहा. आणखी काही आठवत असेल तर तेही लिहा."

आजी नवलाने बघत राहिल्या, पण त्यांनी लिहिलं. टिंगूने कागद न बघता पाकिटात घातला आणि पाकीट जिभेने ओलं करून चिकटवलं. इतक्या प्रामाणिकपणाने त्याने आयुष्यात दुसरं काही केलं नव्हतं.

संग्रहालयात परत पोचायला साडेतीन झाले. चार वाजता फोटोंखालच्या पाट्या छपाईला जाणार होत्या. एकदा छापलं की साहेबांना ब्रह्मदेवही हलवू शकला नसता.

"लुडबुड नको," साहेब म्हणाले. "पोरांचं काम नाही हे."

लंबूने तोंड उघडलं, पण मौनीच पुढे झाली. "साहेब, आम्ही काही म्हणतच नाही. तुम्हीच मोजा. तुमची निगेटिव्ह, तुमचं भिंग. या पाठीवर किती पिना आहेत तेवढं सांगा."

साहेबांना मोजायला आवडायचं. ते वाकले. "एक, दोन, तीन... अकरा. आणि वरून चौथी वाकडी लागलीय. निष्काळजीपणा, दुसरं काय. बरं, मग?"

"हा फोटो कधी कुठे छापलाय?"

"छे. पाठीचा फोटो कोण छापणार?"

"कुणी पाहिला असेल?"

"पाकीट तर इतकी वर्षं बंदच होतं, या प्रदर्शनासाठी आम्हीच उघडलं. बाहेरच्या कुणीही नाही."

मौनीने चिकटवलेलं पाकीट त्यांच्यापुढे ठेवलं. "आजींनी सकाळी लिहिलंय. आम्हीही वाचलेलं नाही." साहेबांनी ते फोडलं. आत वळणदार अक्षरात लिहिलं होतं: 'अकरा. वरून चौथी वाकडी होती. ती सगळा वेळ टोचत होती. पण काढली असती तर कपडा सुटला असता, म्हणून तशीच नाचले.'

साहेबांनी तो कागद दोनदा वाचला. पुन्हा भिंगातून पाहिलं. मग पिवळं पाकीट हातात घेऊन स्वतःच मारलेल्या लाल रेघेकडे बघत राहिले.

"तेराचं चौदा मी केलं," ते शेवटी म्हणाले. त्यांचा आवाज अगदी लहान झाला होता. मग ते मावशीकडे वळले. "पाट्या थांबवा. आणि त्या आजींचा पत्ता द्या. मी जातो. नाही, फोन नको, मी स्वतः जातो."

शनिवारी दालन माणसांनी फुलून गेलं. मोठ्या फोटोखाली नवी पाटी होती. तिच्यावर आजींचं पूर्ण नाव होतं, आडनावासकट, आणि तेरा तारीख. साहेबांनी सगळ्यांसमोर आपली चूक सांगितली. मग तिन्ही मुलांना पुढे बोलावून म्हणाले, "मी छापलेलं वाचलं, यांनी फोटो बघितला. आमच्या कामात बघता यावं लागतं, ते मला या मुलांनी शिकवलं." मावशीने मौनीच्या डोक्यावरून हात फिरवला. माळीकाकांनी टिंगूचा कान धरायला हात उचलला होता, तो सवयीने. मग त्यांनी त्याची पाठ थोपटली.

लोकांनी आजींभोवती गर्दी केली, टाळ्या वाजवल्या, आणि तासाभराने सगळे घरोघर गेले. दालनात पुन्हा तीच जुनी शांतता पसरली. आजी एकट्याच फोटोपुढे उभ्या होत्या.

"मला वाटायचं, मी याहून उंच उडाले होते," त्या म्हणाल्या. मग पदराने डोळे पुसून त्यांनी पिशवी उचलली.

मौनी त्यांना दारापर्यंत पोचवायला गेली. "सोमवारी याल ना?"

"आता कशाला गं? सापडला की फोटो. आता काय काम माझं तिथे?"

मौनीला हे कालपासूनच ठाऊक होतं. पाकीट फोडलं तेव्हा सगळ्यांना आनंद झाला होता, तिला मात्र सोमवारची रिकामी खुर्ची दिसली होती. ती पायरीवर उभी राहिली आणि तिने एका दमात सांगून टाकलं.

"मला करमत नाही. आई अजून तीन आठवडे येणार नाही. तुम्ही समोर बसलेल्या असलात की बरं वाटतं. काही बोललो नाही तरी."

आजी एक पायरी उतरल्या होत्या, त्या परत वर आल्या. मौनीचा हात त्यांनी आपल्या दोन्ही हातांत घेतला. इस्त्रीने त्यांचे तळवे राठ झाले होते, आणि ऊन ऊन होते.

"मलासुद्धा," त्या म्हणाल्या. "येते मी सोमवारी. पण आता बोलायचं हं."