विहिरीतला हिरवा रंग

दत्तप्रसाद मला पहिल्यांदा भेटला, तेव्हा मी त्याच्या मावशीच्या परड्यात पालथी पडून संडासाच्या टाकीत बॅटरी मारत होते.

"ओ बाई... काय पडला काय आत?"

मी मान वर केली. भुरभुर पाऊस होता. समोर एक उंच, सावळा माणूस. एका हातात छत्री, दुसऱ्यात घराच्या चाव्या.

"पडलं काही नाही. आतलं बाहेर कुठे जातंय, ते बघतेय. मी अक्षया परब. घर घेणाऱ्यांनी तपासणीला पाठवलंय."

"इंजिनीअर येणार म्हणून सांगितलं होतं..."

"आले ना!"

तो ओशाळून हसला. आणि छत्री उघडून त्याने ती माझ्यावर धरली. स्वतः भिजत राहिला.

माझं कुडाळला छोटंसं ऑफिस आहे. आमच्या किनाऱ्यावर घर घ्यायला येणारे लोक माड बघतात, खाडी बघतात. टाकी कोणी बघत नाही. ती मी बघते. छप्पर, भिंतींची ओल, वायरिंग आणि सगळ्यात शेवटी सांडपाणी. आरोंद्याचं हे घर पुण्याच्या एका जोडप्याला आवडलं होतं. मावशीच्या मागे ते दत्तप्रसादच्या नावावर आलं होतं. तो रेडीला दुसऱ्याच्या हाताखाली होड्यांची इंजिनं दुरुस्त करायचा. घर विकलं गेलं, की स्वतःचं वर्कशॉप टाकणार होता.

घर छान होतं. पण टाकीतलं पाणी जिथे जमिनीत मुरायचं, तो शोषखड्डा कुंपणाला लागून होता. आणि कुंपणापलीकडे, जेमतेम दहा पावलांवर, शेजारच्या नर्मदाकाकींची विहीर!

मी संडासात हिरवा रंग ओतला. निरुपद्रवी असतो तो. मग काकींना सांगायला गेले, की उद्यापर्यंत विहिरीचं पाणी पिऊ नका.

"माजी बाव? अगो, अमृत आसा ता!" काकी म्हणाल्या. मग जरा थांबून, "यंदा मात्र पावसात पोट सारख्या बिघडता. वय झाला, दुसरा काय."

दत्तप्रसाद माझ्या मागेच उभा होता.

मला गाडीपर्यंत सोडायला आला तेव्हा त्याने विचारलं, "रंग विहिरीत आला तर?"

"तर घर घेऊ नका म्हणून लिहावं लागेल."

"आणि नाही आला तर?"

"माझं काम संपलं."

"म्हणजे तुम्ही परत येणार नाही..." तो डोकं खाजवत पुटपुटला, "मगे मी नवस तरी कसलो करू?"

मी गाडी सुरू केली. मळगावपर्यंत एकटीच हसत होते.

दुसऱ्या दिवशी साडेसहाला फोन वाजला.

"पाणी हिरवा झाला," तो म्हणाला. "बादली काढून ठेवलंय. या तुमी."

मी पोचले, तेव्हा तो विहिरीच्या कठड्यावर बसला होता. बादलीत फिकट, पोपटी पाणी.

"मी दहाला येणार होते," मी म्हटलं. "पंप लावून उपसून टाकलं असतंत, तर मला कळलंही नसतं कदाचित."

"काकी ता पाणी पिता ना..." एवढंच म्हणाला तो.

त्या दिवशीचा अहवाल मी तीनदा लिहिला. प्रत्येक वेळी तेच लिहावं लागलं. पुण्याच्या लोकांनी नकार कळवला. घाबरत घाबरत मी त्याला फोन केला.

"बरोबर लिवलंस," तो म्हणाला. अहो-जाहो कधी गळून पडलं, त्याला कळलं नाही. मला कळलं.

त्याने संडासाला कुलूप घातलं. रोज सकाळी मोटारसायकलवरून पाण्याचे दोन कॅन काकींच्या पायरीवर आणून ठेवू लागला, आणि मग रेडीला कामावर. मी नव्या टाकीचा नकाशा काढून दिला. घराच्या दुसऱ्या अंगाला, उतारावर, विहिरीपासून लांब. खरं तर तो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवता आला असता. पण मी घेऊन गेले. पुढच्या रविवारीही गेले... त्याच्या पुढच्याही.

"टेप ओढू नकोस रे, माप चुकेल."

"मी खंय ओढतंय? तूच जवळ येतंस."

मी टेपकडे बघत राहिले. मान वर करायची हिंमत झाली नाही.

काकी कुंपणापलीकडून ओरडल्या, "अगो अक्षया, एक टाकी मोजूक इतके आयतवार लागतत?"

डिसेंबरात नवी टाकी झाली. जुनी उपसून बुजवली, विहीर साफ करून घेतली. पुन्हा रंग ओतला आणि आठवडाभर रोज पाणी पाहिलं. नितळ! प्रयोगशाळेतूनही पाणी पिण्याजोगं असल्याचा कागद आला. काकींनी त्याच पाण्याचा चहा केला, दोघांना समोर बसवून पाजला.

जानेवारीत घराला नवं गिऱ्हाईक आलं. सावंतवाडीचे एक निवृत्त मास्तर. आम्ही खाडीच्या धक्क्यावर बसलो होतो, तेव्हा दत्तप्रसादने सांगितलं.

"त्यांका तपासणी होयी. तुजाच नाव दिलंय."

"मला नाही करता येणार."

"कशाक?"

"नियम आहे. तपासणाऱ्याचं घरमालकाशी काही... काही नातं नसावं लागतं."

तो पाण्याकडे बघत होता. वळून माझ्याकडे बघू लागला.

"आणि तुजा आसा?"

वाऱ्याने ओढणी उडत होती. ती मी उगाच दोनदा सारखी केली. "आसा," मी म्हटलं. "तुजा?"

"माजा कधीपासना आसा. सांगूक जमना नाय." आणि त्याने माझा हात हातात घेतला — ग्रीसने काळवंडलेल्या, खरखरीत बोटांनी, पण अगदी हलकेच.

"मगे मास्तरांक काय सांगू?"

"कणकवलीचे एक इंजिनीअर आहेत. नंबर देते."

"आणि तुज्या बाबांक?"

"ता तू येवन सांग."

तो गुरुवारी आला, इस्त्रीचा शर्ट घालून. बाबांनी त्याला तासभर होड्यांच्या इंजिनांबद्दल विचारलं, त्यानेही तासभर इंजिनांबद्दलच सांगितलं. दुसरा चहा झाला, लाडू झाले, तरी मुद्द्याचं काही त्याच्या तोंडून निघेना. कपाळावर घाम तेवढा आला.

शेवटी मीच सांगितलं.