आमेनच्या पुढचं

लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्येच थांबली आणि आतला दिवा गेला, तेव्हा माझ्या हातात एका आजोबांचे दात होते.

खरे नव्हेत, कवळी. त्या इमारतीच्या सगळ्यात वरच्या मजल्यावर एक छोटी प्रयोगशाळा आहे, तिथे मी कवळ्या बनवते. प्लास्टरचा साचा, मेणावर दातांची मांडणी, मग घासून घासून गुळगुळीत करणं. तळमजल्याच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाई या डबीची वाट बघत होत्या, आणि आजोबा त्यांच्याहून जास्त.

लिफ्टमध्ये माझ्याशिवाय एकच माणूस होता. निळा गणवेश, पायाशी हत्यारांची पेटी, हाताला ग्रीसचा वास.

“तुम्ही लिफ्टवाले ना?” मी अंधारात विचारलं.

“हो.”

“मग करा ना दुरुस्त.”

“आतून होत नाही,” तो अगदी शांतपणे म्हणाला. “दाराची चावी माझ्या खिशात आहे, पण कुलूप बाहेरच्या बाजूला. बाहेरून कुणी सोडवलं तरच सुटायचं. माझा जोडीदार सुटा भाग आणायला गेलाय. येईल.”

“म्हणजे लिफ्टवालाच अडकला.”

“डॉक्टर आजारी पडत नाहीत का? तसंच.” मग थोडं थांबून, “डबीत काय आहे? मघापासून छातीशी धरलीय.”

“दात.”

“...तुमचे?”

“माझे माझ्या तोंडात आहेत.”

अंधारात माणूस हसला की कळतं. मला कळलं. पण मला हसू येत नव्हतं. जीव टांगणीला लागणं म्हणजे काय, ते त्या दिवशी पायांखालच्या फळीनं समजावून सांगितलं. मी घंटेचं बटण दाबलं. पुन्हा दाबलं. पुन्हा.

“एकदा दाबलंत ना? वॉचमननं ऐकलंय. तो धावलासुद्धा.”

“ऐकलं नसेल तर? आपण आपलं काम करावं.”

मी पदराखाली जपाची माळ चाचपली. घाबरले की माझे ओठ आपोआप हलतात, लहानपणापासूनची सवय. स्वर्गीय बापाची प्रार्थना मी हळूच सुरू केली... आणि दुसऱ्याच ओळीला एक जाड, खालचा आवाज माझ्या आवाजात येऊन मिसळला. शब्द तेच. चाल तीच. आम्ही दोघं सोबतीनं शेवटापर्यंत आलो, मी “आमेन” म्हटलं, आणि तो पुढेच निघाला. राज्य, सामर्थ्य... मग त्याच्या लक्षात आलं, आणि तो अडखळून थांबला.

“संपली?” त्यानं विचारलं.

“आमची इथेच संपते.”

“आमची अजून थोडी आहे.”

“मग... म्हणून घ्या. अर्धवट सोडू नये.”

त्यानं म्हणून घेतली. त्याच्या आमेनला दिवा लागला, वर कुठेतरी लोखंड खडखडलं आणि लिफ्ट हलली. आम्ही एकमेकांकडे पहिल्यांदा नीट पाहिलं.

“तुम्ही कॅथलिक,” तो म्हणाला.

“आणि तुम्ही प्रॉटेस्टंट,” मी म्हणाले. दोघंही असे बोललो, जणू समोरच्याचा आजार ओळखला.

*

लिफ्ट जुनी होती, काम लांबलं. ती बंद असायची त्या दिवसांत माझ्या डब्या जिन्यानं खाली जायच्या, आणि त्या नेमक्या वेळी लिफ्टवाल्यालाही खाली काहीतरी काम निघायचं. पंधरवड्यात मी त्याच्यासाठी “दातवाली बाई” झाले. “अहो” कधी गळालं ते आठवत नाही.

“तुमच्यात पापातून तारण मिळवायला फार मेहनत असते ना?” एकदा दोन डब्या एका हातात तोलत त्यानं विचारलं. “उपास, माळा, पापांची कबुली...”

“आणि तुमच्यात?”

“आमचं सोपं. तारण कमवायचं नसतं, दिलेलं घ्यायचं असतं. विश्वासानं. आतून दार उघडत नाही, दातवाल्या बाई. तू स्वतः पाहिलंयस.”

मी पायरीवर थांबले. “आतून उघडतं असं आमच्यातही कोणी म्हणत नाही. कृपा त्याचीच. पण घंटा आपणच वाजवायची ना? आणि दार उघडल्यावर पाऊल कोण उचलणार, वॉचमन?”

“पाऊल उचलेन की. सुटल्याच्या आनंदात. सुटावं म्हणून नव्हे.”

याला उत्तर मला संध्याकाळी भांडी घासताना सुचलं, म्हणून दुसऱ्या दिवशी दिलं. “प्रेम असेल तर पाय हलतोच. ज्याचा हलत नाही, त्याचा विश्वास जिन्यातच बसलेला असतो.”

“हे तर आमच्या चर्चमधले पाळकसुद्धा सांगतात.”

“मग भांडतो कशासाठी आपण?”

“भांडतोय कुठे?” तो म्हणाला. “मला वाटलं, जिना लांब करतोय.”

मी पुढचे दोन मजले त्याच्याकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर डबी हातातून पडली असती.

घरी आईच्या कानावर गेलंच. आई डोळे मिटून भाजी निवडेल, पण माझ्या आवाजातला फरक तिच्या कानातून सुटायचा नाही.

“कोण आहे तो?”

“लिफ्टवाला.”

“वर नेणारा की खाली आणणारा?”

“आई...”

“चर्चला जातो?”

“जातो. त्यांच्या.”

आईनं सुरी खाली ठेवली. “पोरगा चांगला असेल. मी वाईट म्हणत नाही. पण तू रोज गेलेल्या बाबांसाठी माळ धरणार आणि शेजारी बसलेला नवरा मनात म्हणणार, हिचा फुकटचा उद्योग चाललाय. असं घर कसं चालायचं, सांग तू मला.”

मी तिच्यापुढची भाजी ओढून निवडायला घेतली.

*

बाबांचं असं झालं, की लिफ्ट अडकली त्याच्या काही महिने आधी ते सकाळी कामावर गेले आणि तिथेच खुर्चीत बसल्या बसल्या गेले. फादरना बोलावायला वेळच मिळाला नाही. शेवटचा संस्कार नाही, ओठांवर शेवटची प्रार्थना नाही. त्या आठवड्यात मी नेम धरला, काम सुटलं की कोपऱ्यावरच्या चर्चमध्ये जायचं आणि बाबांच्या आत्म्यासाठी एक माळ म्हणायची. ताप असो, पाहुणे असोत. शुद्धिस्थानात, म्हणजे स्वर्गाच्या आधी आत्मा जिथे शुद्ध होतो तिथे, असतील तर तेवढाच त्यांना हात.

लिफ्टवाला मला चर्चच्या फाटकापर्यंत सोडायला यायचा. आत यायचा नाही. एकदा फाटकाशी त्यानं विचारलं, “रोज कोणासाठी?”

मी सगळं सांगितलं, बाबांच्या तारखेसकट. झिमझिम सुरू झाली होती. त्यानं छत्री उघडली आणि बहुतेक सगळी माझ्याकडे कलती केली.

“तुला काय वाटतं?” मी विचारलं. “खरं सांग.”

“राहू दे ना.”

“खरं सांग.”

“आम्ही शुद्धिस्थान मानत नाही,” तो हळू म्हणाला. “गेलेल्यांसाठी आम्ही मागत नाही. तुझ्या बाबांचा विश्वास होता ना? मग ते पोचले. त्याच दिवशी. त्यांचं काही बाकी राहिलेलं नाही.”

त्यानं ते मला धीर द्यायला म्हटलं होतं, हे आज कळतं. त्या वेळी मला एवढंच ऐकू आलं, की माझ्या सगळ्या संध्याकाळी पाण्यात गेल्या.

“मग इतके दिवस मी कोणाशी बोलत होते?”

तो विचार करू लागला. त्याचा स्वभावच तसा, स्क्रूसुद्धा दोनदा बघून मग फिरवणार. पण काही प्रश्नांना उशीर चालत नाही.

“तू जा,” मी म्हणाले.

तो छत्री माझ्या हातात देऊन भिजत गेला. दुसऱ्या दिवशी मी ती वॉचमनजवळ ठेवली.

लिफ्ट दुरुस्त झाली. लोक खूश झाले. मी जिन्यानंच जात राहिले, आणि जिना खरंच फार लांब होता.

*

बाबांच्या वर्षदिनाची मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, सकाळची होती. आई आणि मी पुढच्या बाकावर. मामा, दोन शेजारणी. गुडघे टेकायच्या वेळी मागे कोणीतरी अर्धा श्वास उशिरानं खाली बसलं, बाक करकरला. मी वळले नाही. ग्रीसचा वास साबणानं पूर्ण जात नाही, एवढंच मला माहीत होतं.

कॅथलिकांनीच घ्यायच्या ख्रिस्तप्रसादासाठी रांग लागली. परतताना मी पाहिलं. शेवटच्या बाकावर तो, इस्त्रीचा शर्ट, ओले विंचरलेले केस. येणाऱ्याजाणाऱ्यांना वाट मिळावी म्हणून पाय एका बाजूला घेऊन बसलेला. रांगेत आला नव्हता. आमच्यात येऊन आमच्यासारखं दाखवायचं नाही, आणि आमचं अडवायचंही नाही, असा तो बसला होता. आईनंही पाहिलं.

बाहेर पायऱ्यांवर आईनं त्याला सरळच गाठलं. “तूच ना तो लिफ्टवाला?”

“हो, काकू.”

“माणूस गेला की तुम्ही त्याच्यासाठी मागत नाही म्हणे. मग आज तासभर काय करत होतास?”

“आभार मानत होतो.”

“कोणाचे?”

“देवाचे. हिच्या बाबांसाठी.” त्यानं मान खाली घातली होती, पण आवाज सरळ होता. “मागणं माझ्या विश्वासात बसत नाही, काकू. तुमच्यासमोर खोटं कशाला बोलू? पण आभार मानायला आम्हाला कोणी बंदी केलेली नाही. त्यांनी हिला वाढवलं. अंधारात अडकल्यावर देवाला हाक मारायची, हे शिकवलं. रोज मानतो. ही माळ म्हणते त्या वेळेला.”

“रोज?” मी विचारलं. पुष्कळ दिवसांनी मी त्याच्याशी बोलत होते.

“रोज.”

“मी जा म्हटल्यावरही?”

“तू माझ्यावर रागावलीस. तुझ्या बाबांनी काय केलं होतं?”

“म्हणजे तूही नेमच धरलास की.”

“नेम नाही.” तो जरासा लाजला. “सवय लागली.”

आई मामांकडे वळली, म्हणजे वळल्यासारखं केलं. तिचा एक कान आमच्याकडेच होता.

“तू विचारलं होतंस,” तो म्हणाला, “इतके दिवस कोणाशी बोलत होतीस. मला तेव्हा पटकन सुचलं नाही. देवाशीच बोलत होतीस. देवाशी बोललेलं वाया जातं, असं आमच्यातही कोणी म्हणत नाही. फक्त... तू फार घाबरून बोलतेस. एकदा ऐकलंय म्हटलं तरी घंटा दाबत राहतेस.”

मी माळेकडे पाहिलं. मणी झिजले होते. इतके दिवस मी एकेक मणी असा ओढला होता, जणू एक सुटला तर बाबा खाली राहतील. ही भीती बाबांनी मला शिकवली नव्हती. फादरनीही नाही. ती माझी मीच पाळली होती.

माळ मी सोडली नाही, सोडणारही नाही. पण त्या पायऱ्यांवर ती पहिल्यांदा हातात हलकी लागली.

“मी मागत राहणार,” मी त्याला म्हणाले. “तुझ्याशेजारी बसूनसुद्धा.”

“माग ना. मी आभार मानेन. दोघांची मिळून प्रार्थना पुरी होईल.”

आईनं तेवढ्यात मागे वळून, कोणालाच उद्देशून नसल्यासारखं म्हटलं, “चहाला घरी चला सगळे. सगळे म्हणजे सगळे.”

*

आमच्या घरी टेबलावर बसलं की आधी प्रार्थना. आईनं डोळे मिटले आणि म्हणाली, “तुम्ही दोघं म्हणा. माझा घसा बसलाय.” तिचा घसा छान होता.

मी सुरुवात केली. तो जाड आवाज दुसऱ्याच ओळीला येऊन मिसळला, लिफ्टमध्ये मिसळला होता तसाच. शेवट जवळ आला. आमच्या घरात आमच्यासारखं म्हणून त्यानं तिथेच थांबून नम्रपणे “आमेन” म्हटलं...

आणि मी पुढे निघाले. राज्य, सामर्थ्य... एकटीच, मोकळ्या आवाजात.

मामांनी डोळे उघडले. आईनं एकच उघडला. मी जिथल्या तिथे गप्प झाले, कानशिलं तापली.

“म्हणून घे,” तो अगदी हळू म्हणाला. “अर्धवट सोडू नये.”

मग आम्ही दोघांनी राहिलेलं म्हणून घेतलं. त्यावरचं आमेन आईनं म्हटलं.

“आता एकदाचं काय ते ठरवा बाबांनो,” ती कपात चहा ओतत म्हणाली. “लग्नाच्या दिवशी असा गोंधळ घालू नका, माणसं हसतील.” आणि मामांना हाताला धरून, शेजारणींनाही उठवून ती साखर आणायला स्वयंपाकघरात गेली. साखर टेबलावरच होती.

आम्ही दोघंच राहिलो. तो कपाच्या कानाशी बोटानं खेळत होता. एवढ्या साध्या कपाकडे इतकं निरखून बघणारा माणूस मी पाहिला नव्हता.

“मी तर अजून तुला विचारलंही नाही,” तो म्हणाला.

“मग वाजव ना घंटा,” मी म्हणाले. “एकदाच. मी ऐकतेय.”