गोरक्षनाथांचा उन्हाचा बंब

“बाई, माझा बंब फोडला! अन् फोडणारा माझाच जिवलग हाय!”

बहात्तर सालचा जानेवारी. सुप्याचे निवृत्त लष्करी हवालदार गोरक्षनाथ नगरला विजयमालाबाईंच्या ओसरीवर येऊन कडाडले. बाई खासगी तपास करत. त्यांचे यजमान भिमाजी स्कूटर चालवत आणि बहुधा भलत्याच माणसावर संशय घेत.

दुपारी दोघं सुप्याला पोचली. घराच्या धाब्यावर, म्हणजे मातीच्या सपाट छपरावर, डांबरानं सांधलेली पेटी होती. हाच उन्हावर पाणी तापवणारा बंब. आत काळा पत्रा, त्यावर पाण्यानं भरलेली तांब्याची नळी आणि वर तिरकी काच. काच शाबूत होती. नळी मात्र उभी फाटली होती, फाटीचे काठ बाहेर वळले होते.

“लडाखला आमी असाच केल्ता,” गोरक्षनाथ म्हणाले. “चहूकडं बर्फ, पन ऊन पडलं की त्याची चकाकी काचेवर यायची अन् पानी कढत व्हायचं. काच उभट ठेवायची, म्हंजी पडलेला बर्फ घसरून जायचा. सांजेला नळी रिकामी करायचा सक्त हुकूम. हितं कुठला आलाय बर्फ?”

“संशय कोणावर?”

“गनी तांबटावर. नळी त्यानंच जोडली. ‘उन्हाचा कसला बंब, माझ्याकडचा घे,’ म्हनून चिडवायचा. नळी फुटली त्याच्या आदल्या राती येष्टी चुकली म्हनून हितंच झोपला, अन् पहाटं न सांगता गेला.”

“पाणी कधी गळायला लागलं?”

“चांगलं ऊन चढल्यावर.”

“गनीभाईच!” भिमाजी कुजबुजले. “पळाला ना!”

“अहो, जरा दम धरा.”

चुलीपाशी हवालदारांच्या पत्नी मालनबाई डोळे पुसत होत्या. “त्याच राती माझा वालाचा येल बी करपला, बाई. नजर लागली घराला. गनीभाईंना मी दीर मानते. आता ते फाटकाच्या आत येत न्हाईत.”

बाईंनी बोलावलं म्हणून गनीभाई आले होते, पण फाटकाबाहेरच्या दगडावर बसून होते.

“चोर ठरवलंय ना मला? त्या राती लई गारठा. भाबींनी जाड गोधडी दिली. डांबराचा वास मारत हुती, पन ऊब काय सांगू! पहाटं दुकानासाठी निघालो. कुनाची झोप कशाला मोडायची?”

बाई खुदकन हसल्या. सगळ्यांना त्यांनी फाटकाशी बोलावलं.

“हवालदार, नळी पहाटे फोडली असती तर पाणी पहाटेच वाहिलं असतं. ऊन चढेपर्यंत ते कोणी धरून ठेवलं? बर्फानं!”

“सुप्यात बर्फ?”

“मग वेल कशानं करपला? हिवानं. निरभ्र रात्री उघड्यावरचा काळा पत्रा हवेपेक्षाही गार पडतो. पाणी गोठून फुगलं आणि नळी आतून फाटली. म्हणून काठ बाहेर वळलेले.”

भिमाजींनी डोकं खाजवलं. “मग आधीच्या रात्री का नाही फाटली?”

“मालनबाई, गोधडीला डांबराचा वास कुठून आला? बंबावर रोज रात्री काय घालत होतात?”

मालनबाईंनी पदर तोंडाला लावला. “गोधडी. ह्यांच्या नकळत. दिवसभर तापतंय बिचारं, राती गारठंल म्हनून. ह्यांना कळलं तर हसतील. त्या राती तीच गनीभाईंना दिली. दुसरी जाड न्हवतीच.”

“म्हणजे बंबाची ऊब पाहुण्याला मिळाली. गुन्हेगार कोणीच नाही. फक्त लडाखचा हुकूम हवालदार सुप्यात विसरले.”

गोरक्षनाथ पुढं आले. “गन्या, आत ये.”

“न्हाई.”

हवालदार फाटक उघडून बाहेर गेले आणि गनीभाईंच्या शेजारी मातीत बसले. “मग मी बी हितंच. जेवन बी हितंच.”

गनीभाई दगडावरून उठले.

“भाबी,” गनीभाई अखेर म्हणाले, “ताटं आतच वाढा. ह्याचे गुडघे धरलेत, त्याला एकट्याला उठता यायचं न्हाई.”

आणि त्यांनी हात पुढं केला.