नव्वद फुटांखाली

शुक्रवारी गुरुनाथच्या बायकोचा, उल्काचा फोन आला. "शैलेंद्र, उद्या गुरूबरोबर जाशील का? तिथे तो एकटा असला की मला काही सुचत नाही."

मी हो म्हटलं. गुरुनाथ आणि मी इथे परदेशात, नोव्हाय शहरात, एकाच कंपनीत वीस वर्षं काढलेली माणसं. दोन वर्षांपूर्वी डिसेंबरात त्याचा मुलगा नकुल, कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होता, उत्तरेकडच्या एका गोठलेल्या तळ्यावर मासे धरायला गेला आणि कोवळ्या बर्फातून खाली गेला. तो सापडलाच नाही. तळं फार खोल. इतक्या गार पाण्यात बुडालेलं माणूस वर येत नाही, असं पोलिसांनी तेव्हाच सांगितलं होतं. तेव्हापासून थंडीतला प्रत्येक शनिवार गुरू तिथेच काढायचा. पाइक मासे पकडायला जातो, म्हणायचा.

साडेतीन तासांच्या ड्राइव्हमध्ये तो चार वाक्यं बोलला असेल.

तळ्यावर चिटपाखरू नव्हतं. पांढरं, सपाट, आणि कडेला काळी पाइनची झाडं. काठावर गाडी लावून आम्ही दोनेकशे पावलं आत गेलो. गुरूने ड्रिलने बर्फात भोक पाडलं, जेमतेम दहा इंचांचं. आतून कुजलेल्या शेवाळाचा वास आला. भोकावर त्याने आडवी पट्टी ठेवली. तिला दोरीचं रीळ आणि वाकवून अडकवलेला नारिंगी झेंडा. माशाने आमिष ओढलं की झेंडा उभा राहतो, आणि ज्याला तो आधी दिसेल तो 'फ्लॅग!' असं ओरडतो. गुरू दोरी सोडत राहिला... सोडतच राहिला.

"किती खोल?"

"नव्वद फूट."

"अरे, पाइक इतक्या खोल नसतो ना?"

"माहितीये," तो म्हणाला.

 उल्काने दिलेल्या तिखटमिठाच्या पुऱ्या आम्ही हातमोजे न काढताच खाल्ल्या. वारा पडला. मधूनच खालचा बर्फ लांबवर कण्हल्यासारखा वाजायचा आणि तो आवाज पायाखालून निघून जायचा.

चारच्या सुमाराला, उजेड करडा झाला तेव्हा, झेंडा उभा राहिला.

गुरू धावला नाही. गुडघ्यांवर बसला, दोरी बोटांत धरली आणि डोळे मिटले. "धरून बघ," म्हणाला.

मी धरली. मासा हिसका मारतो, पळतो. इथे तसं काही नव्हतं. दोन हलके झटके. मग शांत. पुन्हा दोन. दारावर ओळखीच्या माणसाने टकटक करावी तसे.

"दर शनिवारी?" मी दोरी त्याच्या हातात परत दिली.

"दर शनिवारी. आधी एकशेतीस फुटांवर होता... वर येतोय."

"गुरू, चल इथून."

तेवढ्यात भोकातलं पाणी डुचमळलं आणि खालून, तोंडात पाणी भरलेलं असावं तसा, पण अगदी स्पष्ट आवाज आला. "बाबा... फ्लॅग!"

तो नकुलचा आवाज होता. त्या मुलाला मी कडेवर घेतलेलं आहे. मी ओळखणार नाही?

गुरू रडत नव्हता. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा त्याचा चेहरा सैल पडला होता. "तू गाडी गरम कर," तो हळूच म्हणाला. "मी आलोच."

त्याला दंड धरून ओढत न्यायला हवं होतं. मी नेलं नाही. खरं सांगतो, मी घाबरून पळालो. गाडीच्या दाराला हात लावला आणि मागे वळून पाहिलं. बर्फावर कोणी नव्हतं.

परत गेलो तेव्हा रीळ रिकामं झालं होतं. त्याचे बूट, जॅकेट, काहीच मागे नव्हतं. नुसतं ते दहा इंचांचं भोक. त्यातून माणसाचे खांदेसुद्धा जाणार नाहीत.

पोलिसांची कुत्री भोकापर्यंत आली आणि तिथेच बसली. दुसऱ्या दिवशी पाणबुडे उतरले, रिकाम्या हाताने वर आले. रिपोर्टमध्ये बर्फ फुटल्याचं लिहिलंय. बर्फ कुठेच फुटला नव्हता. त्यांनीच माझ्यासमोर मोजला, पंधरा इंच जाड होता.

दहाव्या दिवशी मी उल्काकडे गेलो. सांगण्यासारखं काही नव्हतं. 'त्याला सोडून का आलास,' असं तिने विचारलं असतं तर बरं झालं असतं.  गॅरेजचं दार सताड उघडं होतं. बाहेर इतकी थंडी, की बर्फ वितळावा म्हणून ड्राइव्हवेवर टाकलेलं मीठही निकामी झालेलं. आणि गॅरेजच्या फरशीवर मात्र पाणी होतं, दोन थारोळी, शेजारी शेजारी. वर बर्फाचा पापुद्रासुद्धा धरला नव्हता. शेवाळाचा वास येत होता.

मी कोपऱ्यातला मॉप उचलला.

"राहू दे," दारात उभी असलेली उल्का म्हणाली. ती माझ्याकडे बघतच नव्हती. "पहिल्या दिवशी पार रस्त्याजवळ होतं. रोज थोडं आत येतंय."