देठ मुडपलेला द्रोण

बेल्लमपल्लीच्या स्टेशनाबाहेर, निंबाखाली, बाबारावांचं भज्यांचं दुकान होतं. निजामाचा अंमल होता, फसली तेराशे अठ्ठेचाळीस साल, आणि चारची गाडी इंजिनात पाणी भरायला तिथं दहा मिनिटं थांबायची. त्या दहा मिनिटांत बाबाराव आख्ख्या गाडीला भजी खाऊ घालायचे. हाताला वेग होता आणि जिभेला त्याहून जास्त. "एवढी घाई हाय तं घरून बांधून आणायचं होतं," असं येणाऱ्याला ऐकवल्याशिवाय त्यांचा झारा कढईतून निघत नसे. लोक ऐकून घ्यायचे. दुभत्या गाईच्या लाथाही गोड लागतात, आणि भजी तर खमंग होती.

दुकानाची एक रीत होती. गिऱ्हाईक आलं की आधी त्याच्या हातात पळसाचा रिकामा द्रोण द्यायचा. द्रोण हाती आला म्हणजे सांगणं पोचलं. मग त्यानं पुन्हा तोंड उघडायचं नाही. हे द्रोण बाबारावांची बायको शकुबाई टाचायची. बाकीच्या बायका पानाचं देठ खुडून टाकतात, ती मात्र आत मुडपून काडीनं टाचायची. आईनं तसंच शिकवलं होतं. आणि दुसरी रीत अशी, की गाडी उभी असेपर्यंत गाडीचं गिऱ्हाईक आधी. खाणीतले मजूर काय, रोजचेच. ते कुठं जातात?

माघातल्या एका दुपारी गाडी नुकतीच लागली होती. झुंबड उडाली होती. तेवढ्यात दुकानाच्या खांबापाशी एक उंच, वाकलेला माणूस येऊन उभा राहिला. कमरेला खाणीतली बत्ती होती. दादाजी त्याचं नाव, बोथकडचा, खाणीत नवाच लागलेला. पण हे सगळं बाबारावांना नंतर कळलं.

"भाऊ, थोडे भजे द्या," तो हळूच म्हणाला. "बायको माहेरी हाय. कालपासून पोटात काई नाई. पाळीचा भोंगा होईल आता."

बाबारावांनी त्याच्या हातात द्रोण कोंबला. "थांब. गाडी सुटू दे."

एक घाणा उतरला, गाडीकडं गेला. दुसरा उतरला, तोही गेला. माणूस द्रोण पुढं धरून उभाच.

"भाऊ, भोंगा होऊन राह्यला..."

"द्रोण देल्ला ना हातात? मंग तोंड काऊन चालवतं? थांब म्हणलं तं थांब."

भोवतीचे लोक हसले. तोही ओशाळून हसला. मग खाणीचा भोंगा झाला, पाठोपाठ गाडीची शिट्टी झाली, आणि बाबारावांनी वर पाहिलं तेव्हा खांबापाशी कुणी नव्हतं. "द्रोण घेऊन गेला फुकटचा," एवढंच ते पुटपुटले.

दिवस मावळता खाणीत छत कोसळलं. खाली एकच माणूस सापडला, दादाजी. त्याला बाजेवर घालून दुकानावरून नेलं तेव्हा अंगावरचं कापड वाऱ्यानं सरकलं. कमरेच्या शेल्यात घडी घालून खोचलेला एक द्रोण होता. कोळशानं काळा झालेला, पण देठ आत मुडपलेलं दिसत होतं. शकुबाईनं ते पाहिलं. मग नवऱ्याकडं पाहिलं. 

चार दिवसांनी दादाजीची बायको रुख्मिणी दुकानापुढं येऊन उभी राहिली. कपाळ उघडं होतं.

"त्या दिवशी ते इकडं आल्ते म्हणतात. खाऊन गेले का, दादा? का उपाशी गेले?"

खरं सांगायला एक शब्द पुरला असता. बाबारावांच्या जिभेला कधी नव्हे ती चुकायची वेळ आली, आणि ती चुकली.

"पोटभर खाऊन गेला, बाई. मी सोता वाढलं."

तिचा चेहरा सैल झाला. "मंग बरं. आमच्यात उपाशी गेलेल्याचं पान जिथं उपाशी राह्यला तिथंच मांडा लागते, घरच्याच्या हातानं. नाई तं तो थांबून राह्यते." तिनं हात जोडले आणि बोथच्या वाटेला लागली. तिनं हात जोडले, हेच बाबारावांना पुढं सगळ्यात जास्त सलत राहिलं.

दुसऱ्या दिवसापासून सुरू झालं.

चारची गाडी लागली. पुढं झालेल्या हातांच्या गर्दीत एक हात काळा होता. नखांत कोळसा, त्यात रिकामा द्रोण. खाणीतलाच कुणी असेल म्हणून बाबारावांनी मान वर केली. हातामागं माणसाला जागाच नव्हती. तिथं एक मारवाडी आणि त्याची पेटी होती. तेलाच्या वासात एकाएकी ओल्या, बंद मातीचा वास आला. गाडी सुटली आणि हात गेला.

रोज हेच. हात पुढं घुसत नसे, घाई करत नसे. कुणी ढकललं तर मागं सरायचा. आठव्या दिवशी बाबारावांनी सगळ्या गाडीला डावलून पहिला घाणा त्या द्रोणात ओतला. "घे बाप्पा. आधी तू घे."

भजी द्रोणातून खाली मातीवर पडली. द्रोण कोरडाच. आणि खांबाच्या बाजूनं, अगदी अदबीनं, आवाज आला...

"राहू द्या, भाऊ... गाडी सुटू द्या."

गाडी सुटली की मात्र तो तिथं नसायचा. त्याला भोंग्याला जायचं असायचं.

बाबारावांची जीभ त्या दिवसापासून बसली. गिऱ्हाइकांना ते 'या', 'बसा' म्हणू लागले. लोकांना वाटलं म्हातारपण आलं. घास तोंडात फिरायचा. आपण एका भुकेल्या माणसाचं चारचौघांत हसं केलं आणि त्याच्या बायकोकडून हात जोडून घेतले, हे त्यांना ताटावर बसलं की आठवायचं. शेवटी एका सकाळी पानं टाचता टाचता शकुबाईच म्हणाली, "मले माईत हाय. तो द्रोण माझा होता. आता जा अन् तिले खरं सांगा."

मोटार, मग बैलगाडी, असं दोन दिवस करत बाबाराव बोथला पोचले. रुख्मिणीच्या बापाच्या ओसरीवर बसून त्यांनी सगळं सांगितलं, हसलेल्या लोकांसकट. ती ऐकत राहिली. मग आत जाऊन लुगडं बदलून आली. "चला," एवढंच म्हणाली. दोन दिवसांची वाट करून ती त्यांच्याबरोबर दुकानावर आली.

चारला गाडी लागली. त्या दिवशी बाबारावांनी गाडीला काही विकलं नाही. रुख्मिणीनं स्वतः भजी तळली, शकुबाईनं टाचलेल्या द्रोणात घातली आणि खांबापाशी ठेवून पदर डोळ्यांना लावला. "खाऊन घ्या," ती म्हणाली. "भोंगा झाला तरी होऊ द्या."

काळा हात त्या दिवशी दिसला नाही. गाडी सुटली तेव्हा द्रोण रिकामा होता. आत तेलाचा ओशटपणा, बाहेरून चार काळ्या बोटांचे ठसे.

बाबाराव तिच्या पायाशी बसले. "बाई, मले माफ कर."

"ते जेवले," ती म्हणाली. "पण 'खाऊन गेला' म्हणून तुमी सांगितलं तवापासून मी रोज पोटभर जेवून राह्यली होती, दादा. ते उपाशी उभे होते इथं, अन् मी जेवत होती. याच्यासाठी कोणाले माफ करू?" आणि ती उपाशीच, पाणीही न पिता गेली.

दुसऱ्या दिवशी गाडी आली, गेली. सगळे हात जिवंत माणसांचे. बाबारावांचा ऊर हलका झाला, आणि कित्येक दिवसांनी त्यांना कडकडून भूक लागली. फलाट रिकामा होता, ऊन उतरत होतं. ते बाहेरच्या खांबाला टेकले आणि चुलीकडं पाठ असतानाच म्हणाले, "शकू, दोन घास दे मले. लय भूक लागली."

"थांबा, दादा," चुलीकडून आवाज आला. बाईचाच होता, हलका, अदबीचा. "गाडी सुटू द्या."

गाडी सुटून अर्धा तास झाला होता. आणि समोरून, विहिरीच्या वाटेनं, डोक्यावर घागर घेतलेली शकुबाई येत होती. ती मधेच थांबली आणि नवऱ्याच्या हाताकडं पाहू लागली. बाबारावांनी खाली पाहिलं. हातात रिकामा द्रोण होता.

तो कधी घेतला, त्यांना आठवेना. शकुबाईनं घागर उतरवली, जवळ येऊन द्रोण उलटा करून पाहिला.

"हा माझा नाई," ती म्हणाली. "याचं देठ खुडलेलं हाय."